कदंबगोलक

शब्द उत्पत्तिस्थानापासून श्रोत्याच्या कानापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाचा ऊहापोह करताना आपल्या नैयायिकांनी दोन दृष्टान्त योजले आहेत. पहिला वीचीतरंगन्याय : एका लाटेतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी परंपरा चालत चालत अखेरची लाट काठाला लागावी, त्याप्रमाणे शब्दापासून शब्द निपजत जातो आणि शेवटचा तेवढा कर्णगोचर होतो. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाच्या वाटोळ्या फुलावरचे केसर ज्याप्रमाणे एकाच वेळी सर्व दिशांना उभे राहतात, त्याप्रमाणे शब्द आपल्या उगमापासून दाही दिशांना एकदमच फाकतो. विश्वनाथ पंचाननाने भाषापरिच्छेदात दोन्ही मते नमूद केली आहेत, आणि त्यांतील दुसरे ‘कोणा एकाचे मत’ म्हणून किंचित दूर ठेवले आहे. ध्वनीपुरता हा वाद आता पदार्थविज्ञानाने आपल्या ताब्यात घेतला असला, तरी नावांपुरता तो मिटला आहे असे मला वाटत नाही. आणि ज्या झाडाचे फूल त्या वादात दाखल झाले, त्याच झाडाच्या नावाच्या गावात वस्ती असल्यामुळे या खटल्यात साक्ष देण्याचा थोडाफार हक्क आपल्यालाही पोहोचतो, अशी माझी समजूत आहे.

गाव म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण कळंब. यवतमाळहून नागपूरच्या वाटेने निघालेला मनुष्य येथे उतरतो तो बहुधा चिंतामणीच्या दर्शनासाठी, आणि प्रथमच आलेला असेल तर किंचित चकित होतो. कारण अन्यत्र देवदर्शनासाठी पायऱ्या चढाव्या लागतात, तर येथे त्या उतराव्या लागतात. गाभारा भूमीच्या पातळीखाली आहे, समोर कुंड आहे, आणि सुमारे बारा वर्षांनी या कुंडाचे पाणी वर चढत जाऊन देवाच्या चरणांना स्पर्श करते, अशी लोकांची दृढ श्रद्धा आहे. स्थळमाहात्म्याप्रमाणे या क्षेत्राचे प्राचीन नाव कदंबपूर. गौतमाच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली व मूर्तीची स्थापना केली, असे सांगतात. योगायोग असा की अष्टविनायकांपैकी थेऊरचा गणपतीही चिंतामणीच, आणि त्याच्या कथेतही कदंबच. गणासुराने हिरावून नेलेले चिंतामणी रत्न गणेशाने परत आणले, कपिलमुनींनी ते त्याच्याच कंठात घातले, आणि हे सारे ज्या वृक्षाच्या छायेत घडले त्यावरून थेऊरला कदंबनगर म्हणत. दोन क्षेत्रे, मध्ये साऱ्या महाराष्ट्राची आडवी रुंदी, आणि तरी देव तोच, झाडही तेच! पुराणकारांच्या दप्तरात ही जोडी एकदा नोंदली गेल्यावर एका ठिकाणचा दाखला दुसऱ्या ठिकाणी चालला असेल, अशी शंका मनात येते. पण श्रद्धावंतांच्या दरबारात असली शंका दाखल करून घेतली जात नाही, आणि तसे होणे योग्यही आहे.

मात्र झाड तेच का, हा प्रश्न श्रद्धेच्या अमलाखाली येत नाही, म्हणून तो विचारण्यास हरकत नसावी. संस्कृत कवींनी आणि कृष्णभक्तांनी ज्याला कदंब म्हटले, ज्याची चेंडूएवढी केशरी-पिवळी फुले पहिल्या पावसाच्या सरींबरोबर डवरतात, तो वृक्ष ओलसर भूमीचा सोयरा आहे. कोकणातील ओहोळांकाठी, बंगालात, आसामात तो आपल्या घरी असतो. वऱ्हाडच्या या पूर्वेकडील कोरड्या, सागाच्या रानात तो आपण होऊन वाढलेला क्वचितच दिसेल. त्याऐवजी येथे आहे त्याचा चुलतभाऊ : पाने लहान, साल करडी आणि ढलप्या सुटून खळगे पडलेली, फुले तशीच वाटोळी परंतु आकाराने बोराएवढी, फिकट पिवळी आणि मधासारख्या वासाची. त्याला आमच्याकडे कळम म्हणतात. एका सुताराच्या अंगणात पडलेल्या ओंडक्याकडे बोट दाखवून मी त्याला एकदा मुद्दाम विचारले की हा कदंब का? त्यावर रंधा न थांबवता तो म्हणाला, “कदंब-बिदंब मले माहीत नाई, मास्तर. हे कळमाचं लाकूड हाय. कंगव्याले लय चांगलं.”

माझा कौल सुताराच्या बाजूने आहे. निघंटुकारांनी धाराकदंब, धूलिकदंब, भूमिकदंब असे कदंबाचे पोटभेद केले आहेत; त्यांत पर्जन्याच्या धारांबरोबर फुलणारा तो धाराकदंब, आणि पावसाआधी धूळ उडत असतानाच फुलू लागणारा तो धूलिकदंब. आमचा कळम या दुसऱ्या शाखेचा असावा. म्हणजे गावाचे नाव पडले ते रानातल्या कळमावरून; आणि पुढे कोणा व्युत्पन्न शास्त्र्याने, जशी एखाद्या गरीब घरच्या वधूला लग्नात भरजरी शालू नेसवून उभी करावी, तसे त्या नावाला ‘कदंबपूर’ हे संस्कृत वस्त्र नेसवले. कदंबापासून अपभ्रंश होत होत कळंब झाला, हा भाषाशास्त्राचा क्रम मला अमान्य नाही. शब्दाचा प्रवास त्या दिशेने झाला असेल. या गावापुरता मात्र तो उलट्या दिशेने झाला, इतकेच माझे म्हणणे.

मोगलांच्या कारकुनांनी तर तिसरीच गंमत केली. वऱ्हाड अकबराच्या ताब्यात आल्यावर अबुल फज्लने आईने-अकबरीत या सुभ्याचा जो तपशील दिला, त्यात गाविल, नरनाळा, वाशीम, माहूर या सरकारांच्या पंक्तीत आमचे गावही एका सरकाराचे मुख्य ठाणे म्हणून येते. फारसी लिपीला ‘ळ’ ठाऊक नसल्यामुळे त्याचे ‘कल्लम’ झाले. आणि फारसी वाचणाऱ्याच्या मनात ‘कलम’ म्हणजे लेखणी उभी राहिल्यावाचून राहिली नसेल. अबुल फज्लने येथील दोनच गोष्टी उल्लेखनीय मानल्या : एक, नगर पुरातन आणि मातबर आहे, दोन, येथल्या म्हशी नामांकित आहेत. शेजारीच चांद्याचा बाबजी नावाचा गोंड जमीनदार मोठी फौज बाळगून आहे, हेही त्याने लिहून ठेवले आहे. कदंबाचा, चिंतामणीचा, कुंडाचा उल्लेख नाही. एखाद्या गावाला हे कमीपणाचे वाटले असते. मला मात्र बादशाही वजिराच्या नजरेस आमच्या म्हशी पडल्या, याचे समाधान वाटते. लेखणीशी झालेला हा नामसंकर पुढे वाया गेला नाही. मराठीने ‘कलम’ हा शब्द घेतला तो लेखणीपुरता ठेवला नाही. कायद्याचे कलम, तहाचे कलम, आंब्याचे कलम असे त्याचे संसार मांडून दिले. आणि आजही तालुका कचेरीच्या एखाद्या जुन्या कागदावर ‘कळम’ आणि ‘कलम’ यांतील फरक शाईच्या एका वळणावर अवलंबून असतो.

नावांच्या बाबतीत आमचा मुलूखच मुळी धेडगुजरी. यवतमाळातला ‘माळ’ हा उघड्या माळरानाचा नव्हे, तो ‘महाल’ या परगणेवाचक शब्दाचा झिजलेला अवशेष आहे, असे जाणकार सांगतात. जिल्ह्याचे नाव 1905 पर्यंत वणीवरून ‘वूण’ असे होते. इंग्रज अंमलदाराला जे उच्चारता आले ते त्याने सरकारी शिक्क्यावर कोरले, आणि पुढे पुसलेही. शेजारचे बाभुळगाव मात्र बाभळीशी इमान राखून आहे. तेथे व्युत्पत्तीला कामच उरत नाही. महाराष्ट्राच्या नकाशावर कळंबाचे गोत तर एवढे पसरले आहे की डाकेचे पत्र चुकावे : धाराशिव जिल्ह्यात कळंब, आंबेगाव तालुक्यात कळंब, इंदापुरात वालचंदनगराच्या कुशीला कळंब, शिवाय कोल्हापूरचे कळंबा आणि मुंबईच्या वेशीवरची कळंबोली. या सगळ्यांनी एकमेकांकडून नाव उसने घेतलेले नाही. जेथे जेथे झाड होते, तेथे तेथे नाव स्वतंत्रपणे उगवले. हा कदंबगोलकन्याय होय, असे नैयायिकाने म्हटले तर मी मान डोलावीन.

आता गावावरून माणसावर येऊ. कळंबे, कळमकर, कळंबकर ही आडनावे ज्यांना लाभली त्यांच्या पूर्वजांनी कधीतरी कळंब सोडला असला पाहिजे. कारण कळंबात राहणाऱ्याला कळंबकर म्हणण्याचे कोणाला प्रयोजन नव्हते. ‘कर’ हा प्रत्यय गाव दाखवतो त्याहून अधिक गावाचा वियोग दाखवतो. उपरी म्हणून दुसऱ्या गावी गेलेल्या कुळाला तेथील मिरासदारांनी ‘कोठला?’ म्हणून विचारले आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या वंशाला कायमचे चिकटले, असा हा प्रकार आहे. फ्रेंच लोकांनी हेच काम ‘द’ या चिमुकल्या शब्दाकडे सोपवले. फरक एवढाच की आमचा प्रत्यय नावाच्या मागे चालतो आणि त्यांचा पुढे. दुबुआ म्हणजे वनातला, दुपाँ म्हणजे पुलाजवळचा, दुशेन म्हणजे ओकवृक्षापाशी राहणारा. आमच्या पिंपळकर-वडगावकरांनी पॅरिसमध्ये घर केले असते, तर त्यांना शेजार परका वाटला नसता. तिकडे पहिल्या फ्रान्सिस राजाने 1539 मध्ये व्हिलेर-कोतरे येथून फर्मान काढले की धर्मगुरूंनी बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी. त्या वह्यांनी आडनावे हळूहळू गोठवून टाकली. आपल्याकडे हे काम फार पुढे, जमीनमहसुलाच्या, शाळांच्या आणि खानेसुमारीच्या नोंदींनी केले.

या फ्रेंच नावांतील एकाने मराठी इतिहासातही वतन केले आहे. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेचा संस्थापक द ब्वान, सव्हॉयमधील शांबेरीचा, जन्माने ‘लबॉर्न’ होता. आणि लबॉर्न म्हणजे काणा. तलवारीच्या जोरावर मोठा होऊ पाहणाऱ्या त्या तरुणाला हे नाव जड गेले असावे; म्हणून त्याने त्यातली अक्षरे इकडची तिकडे करून, पुढे ‘द’ लावून, एक सरदारी नाव तयार केले. मराठ्यांच्या मुलखात आला होता, तर त्याने जरा विचारून पाहावयाचे होते. शब्दार्थाने पाहिले तर त्याच जातीचे काणे हे आडनाव आपल्याकडे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या महामहोपाध्यायांनी भूषविले, आणि त्यात कोणाला न्यूनता वाटल्याचे ऐकिवात नाही.

परंतु ज्या फ्रेंच नावामुळे मला हा निबंध लिहावासा वाटला, ते वेगळेच आहे, आणि ते चक्क कदंबाच्या अंगावर कोरलेले आहे. आजच्या वनस्पतिशास्त्रात कदंबाला ‘निओलामार्किआ कदंबा’ म्हणतात. वंशनाम फ्रेंच, जातिनाम संस्कृत. जणू कोणा मराठी मुलाला पॅरिसच्या घराण्यात दत्तक दिले आहे. हे दत्तकविधान कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे. लामार्कने 1785 च्या सुमारास, पद्धतशीर ज्ञानकोशाच्या वनस्पतिखंडात, एका वाटोळ्या फुलाच्या झाडाचे वर्णन करून त्याला नाव दिले. पुढे आशिल रिशार याने त्या वर्णनाच्या आधारावर ‘अँथोसेफॅलस’, अर्थात पुष्पमस्तक, असा एक वंश स्थापन केला, आणि हिंदुस्थानचा कदंब त्यात जाऊन बसला. दरम्यान कलकत्त्याच्या रॉक्सबर्गने केलेले कदंबाचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर 1824 मध्ये छापले गेले. त्याने निदान ‘कदंबा’ हे देशी नाव राखले. त्याच्या ग्रंथाचे संपादन करणारांत श्रीरामपूरचे विल्यम केरी होते. मराठीचे व्याकरण 1805 मध्ये छापणारे केरी ते हेच, तेव्हा ‘कळंब’ हा शब्द त्यांच्या कानावरून गेला नसेल असे कसे म्हणावे? असो. पुष्पमस्तक हे नाव दीडशे वर्षे चालले, सरकारी वनखात्याच्या पत्रकांत रुळले. आणि मग 1984 मध्ये झाँ बोसेर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने मूळ दस्तऐवज तपासून दाखवले की लामार्कच्या समोर होते ते झाड कदंब नव्हतेच. ते मादागास्करचे होते, ब्रेओनिया वंशातले. खरेदीखत एका शेताचे आणि वहिवाट दुसऱ्या शेताची, असा तो मामला निघाला. तेव्हा कदंबासाठी नवा वंश काढणे प्राप्त झाले. बोसेरने तो काढला आणि त्याला नाव दिले लामार्कचे. ज्याने कदंबाला कधी ओळखले नाही, त्याचेच नाव कदंबाला मिळाले! यात उपरोध किती आणि आदर किती, हे बोसेरलाच ठाऊक. मी तो आदर मानतो.

आणि लामार्क हे तरी त्या गृहस्थाचे आडनाव कोठे होते? पिकार्डी प्रांतातील बाझांताँ या खेड्यात 1744 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचे कुलनाव ‘द मोने’. लामार्क हे जहागिरीचे नाव. घराणे कुलीन, परंतु कफल्लक. त्या जहागिरीतून त्याला नावापलीकडे काही मिळाले असे दिसत नाही. आधी सैन्यात, मग वैद्यकाचा विद्यार्थी, मग वनस्पतींचा अभ्यासक. फ्रान्सच्या वनस्पतींवरील त्याच्या ग्रंथाने त्याला नाव मिळाले. राज्यक्रांतीनंतर 1793 मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याला प्राध्यापकी मिळाली ती वनस्पतींची नव्हे, तर कोणालाच नको असलेल्या किड्यांची आणि जंतूंची. त्यातूनच त्याचा 1809 चा प्राणिशास्त्राचे तत्त्वज्ञान सांगणारा ग्रंथ निर्माण झाला. शेवटची दहाएक वर्षे तो पूर्ण आंधळा होता. मुली त्याचे लेखन उतरून घेत. तो 1829 मध्ये वारला तेव्हा पॅरिसच्या माँपार्नास दफनभूमीत त्याला जी जागा मिळाली ती पाच वर्षांच्या मुदतीची होती. मुदत संपल्यावर अस्थी हलवल्या गेल्या, आणि त्या कोठे गेल्या याचा पत्ता नाही. ज्याच्या नावात जहागीर होती, त्याला तीन हात जमीनही मिरासीने मिळाली नाही. आणि ज्या वृक्षाने त्याची कधी दखल घेतली नव्हती, त्याने मात्र त्याचे नाव आपल्या वंशपरंपरेत दाखल करून घेतले.

लामार्कचा सिद्धान्त शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो, आणि बहुधा त्याची थट्टा म्हणूनच ठाऊक असतो. प्राण्याने आयुष्यात जे कमावले ते त्याच्या संततीला वारशाने मिळते. जिराफाने मान ताणली म्हणून पिलांची मान लांबली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाइसमान या जर्मन पंडिताने उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांची शेपटे कापून पाहिली, आणि प्रत्येक नवा उंदीर पूर्ण शेपूट घेऊनच जन्माला आला. लामार्कने असल्या कापाकापीची गोष्ट केलीच नव्हती, असे त्याचे पक्षपाती म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण खटला त्याच्याविरुद्ध गेला तो गेला. कमावलेले गुण देहाच्या दप्तरात चढत नाहीत, हे आता आपण मान्य केले आहे.

देहाच्या दप्तरात चढत नसतील. आडनावाच्या दप्तरात मात्र तेवढेच चढते. वऱ्हाडात फिरताना मला याचा पदोपदी प्रत्यय येतो. कोणा पूर्वजाने परगण्याचा सारा गोळा केला, आणि त्याची पंधरावी पिढी, जिने सारा गोळा करणे तर सोडाच, स्वतःच्या शेताचा साराही वेळेवर भरलेला नाही, ती ‘देशमुख’ म्हणून जन्मते. कोणी फर्दांवर हिशेब लिहिला आणि त्याच्या वंशात फडणविशी जन्मसिद्ध झाली. कोणी चिठ्ठ्या लिहिल्या, त्याचे चिटणवीस झाले. कोणी नाणी पारखली, त्याचे पोतदार. वतने गेली, सनदा वाळवीने खाल्ल्या, मुजुमदारांचा मुलगा अभियंता झाला. तरी आजोबांच्या आजोबांनी कमावलेली ती लेखणी अजून नावात टोकदार आहे. जिराफाच्या मानेबद्दल लामार्क हरला; देशमुखांबद्दल तो सपशेल जिंकला आहे. त्याने प्राणिसंग्रहालयाऐवजी वऱ्हाडच्या एखाद्या परगण्याची जमाबंदी तपासली असती, तर त्याच्या सिद्धान्ताला अपील राहिले नसते.

हा नियम सर्वांना सारखा लागू नाही, हेही आमच्याच तालुक्यात दिसते. आमच्या गोंड शेजाऱ्यांच्या मडावी, आत्राम, कुमरे, उईके या नावांत कोणाचा हुद्दा नाही आणि बहुधा कोणाचे गावही नाही. त्या नावावरून कळते ते हे की घर चार देवांचे, पाच देवांचे, सहांचे की सातांचे, आणि त्यामुळे कोणाशी सोयरीक जुळते आणि कोणाशी निषिद्ध. हे कमावलेले नव्हे, आदिम काळापासून वाटून दिलेले धन. दक्षिणेकडून, तेलुगू मुलखाच्या वाऱ्याबरोबर आलेले ‘वार’ हे शेपूट आणखी निराळे. ते मुळात आदरार्थी बहुवचन. म्हणजे ज्याच्या आडनावाच्या शेवटी ‘वार’ आहे, त्याला लोकांनी ‘अहो’ म्हटले की त्याचा दुहेरी मान होतो. आणि बायकांचे काय? सात पिढ्यांचा हुद्दा त्यांना माहेरून मिळतो आणि एका सायंकाळी अंतरपाट दूर झाला की तो जमा करून दुसरा घ्यावा लागतो. लामार्कने या प्रकरणावर प्रकाश टाकलेला नाही. अलीकडे मुली दोन्ही आडनावे जोडून लिहितात. शाळेच्या हजेरीपटातला रकाना अपुरा पडतो म्हणून गुरुजी कुरकुरतात. कुरकुरू द्यावे. रकाना रुंद करणे सोपे आहे.

कमावलेल्या नावाचा सर्वांत जुना आणि ठसठशीत दाखला पुन्हा कदंबाकडेच घेऊन जातो. इसवीसनाच्या चौथ्या शतकात मयूरशर्मा नावाचा वैदिक विद्यार्थी कांचीला अध्ययनासाठी गेला. तेथे पल्लवांच्या एका घोडेस्वाराशी त्याचा तंटा झाला, आणि अपमानित होऊन त्याने समिधा धरण्याच्या हातात शस्त्र धरले. त्यातून बनवासीचे कदंब राज्य उभे राहिले. तालगुंद्याच्या शिलालेखात ही हकीकत आहे, आणि घराण्याच्या नावाचे कारणही : पूर्वजांच्या घराजवळ एक कदंब होता, त्याची त्यांनी निगा राखली, म्हणून ते कदंब. मयूर स्वतः ‘शर्मा’ राहिला, परंतु त्याच्या वंशजांनी ब्राह्मणी ‘शर्मा’ खाली ठेवून क्षत्रिय ‘वर्मा’ धारण केला. बापाच्या हातून घडलेला व्यवसायबदल मुलाच्या नावात उतरला. वाइसमानच्या उंदरांना हे कसे जमावे? त्या घराण्याची एक शाखा पुढे गोव्यात राज्य करीत होती. मराठ्यांतील कदम हे कुळ तिच्याशी नाते सांगते, आणि मराठ्यांच्या काही कुळांत कळंब हे देवक आहे. लग्नमांडवात त्याच्या डहाळीला जागा मिळते आणि एरवी त्याच्यावर कुऱ्हाड चालत नाही. गोव्यात मात्र या राजनावाची सर्वांत जिवंत वहिवाट कोठे असेल, तर ती रस्त्यावर. सरकारी मोटारसेवेचे महामंडळ 1980 मध्ये स्थापन झाले ते ‘कदंब’ या नावाने. तेव्हा पणजीच्या थांब्यावर कोणी घाईघाईने ‘कदंब गेली का?’ असे विचारले, तर तो इतिहासाचा प्रश्न नसतो. कारवारजवळचा नौदलाचा तळही कदंबच. वृक्ष, वंश, बस, युद्धनौकांचे बंदर. येथे विश्वनाथ पंचाननाने दूर ठेवलेला न्याय जिंकला म्हणावयाचे. केसर खरोखरच एकाच वेळी सर्व दिशांना उभे आहेत, आणि एका केसराला दुसऱ्याची खबर नाही.

फ्रेंच भाषेत श्लेषाला, शब्दांच्या कोटीला, ‘कालांबूर’ म्हणतात. या शब्दाची व्युत्पत्ती त्यांच्या कोशकारांना अजून निर्विवादपणे सापडलेली नाही. ‘कळंबपूर’ हे नाव पुढे करून त्यांना उपकृत करण्याचा मोह मला होतो. पण शास्त्र्यांच्या कदंबपुराला मी वर शालू म्हटले आहे, तेव्हा आपणच दुसरा शालू विणणे बरे दिसणार नाही.

त्यापेक्षा खात्रीचा एक केसर हाताशी आहे. कदंबाच्या फुलांपासून गाळलेल्या मद्याला संस्कृतात ‘कादंबरी’ म्हणत. सातव्या शतकात बाणभट्टाने आपल्या गद्यकथेतील गंधर्वकन्येला तेच नाव दिले. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी धर्तीच्या दीर्घ कथेला मराठीत कोणते नाव द्यावे असा प्रश्न आला, तेव्हा त्या गंधर्वकन्येचे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसले. फ्रेंच मनुष्य आपल्या कादंबरीला ‘रोमाँ’ म्हणतो, म्हणजे लॅटिन सोडून लोकभाषेत सांगितलेली गोष्ट. आमची कादंबरी मूळची मद्य, मग नायिका, मग वाङ्मयप्रकार. येथे मात्र लाटेमागून लाट आली आहे, तेव्हा नैयायिकांच्या पहिल्या पक्षालाही काही बिदागी द्यावी लागेल. आणि लामार्कच्या खटल्यातही या ग्रंथाची साक्ष घेणे भाग आहे, कारण बाणभट्टाच्या हातून ती कथा पुरी झाली नाही. तो वारला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, लिहिला. नाव, कथानक, पात्रे आणि प्रत्यक्ष बापाची लेखणी असे सारे त्याला वारशाने मिळाले होते. तरीही पूर्वभाग संपून उत्तरभाग लागला की रसिकाला सांधा जाणवतो. ती समासांची मिरवणूक, ती वाक्यांची लांबच लांब दीपमाळ बापाबरोबर गेली होती. मुलाला त्याची जाणीव होती. उत्तरभागाच्या आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की कवित्वाच्या गर्वाने आपण हे काम हाती घेतलेले नाही. वडिलांची कथा मध्येच तुटल्याचे सज्जनांना दुःख होत होते, म्हणून घेतले.